सुरुचीची ढाल

मंदाताईंना राग आला की त्या भांडी आपटत नसत, अबोला धरत नसत, की देवघरात जाऊन बसत नसत. त्या किल्ली उचलत आणि गाडी बाहेर काढत. जयेंद्रगंजातल्या गल्लीतून निघून थाटीपुरापर्यंत एक चक्कर मारली, दोन-चार टेंपोवाल्यांना भोंगा वाजवून बाजूला सारलं, की त्यांचं डोकं ठिकाणावर येई आणि परतताना त्या भाजीही घेऊन येत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणात इंजिनाचा आवाज झाला की विश्वासराव तक्क्याला टेकून म्हणत, "चला, आता तासभर निवांत."

अष्टमीच्या त्या संध्याकाळी मंदाताई जेवढ्या संतापल्या होत्या तेवढ्या उभ्या जन्मात संतापल्या नव्हत्या. आणि नेमकी त्याच दिवशी गाडी बाहेर काढता येत नव्हती, कारण त्यांचा पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता.

गाडी होती जुनी फियाट. कागदावर विश्वासरावांची. घराणं शिलेदारांचं, पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इथवर, हिंदी मुलखात, आले आणि इथलेच झाले, हे विश्वासराव पहिल्या ओळखीतच सांगून टाकत. त्यांना स्वतःला मात्र चार चाकं आवरली नाहीत. शिकायला बसले त्याच आठवड्यात त्यांनी फियाट नया बाजारात भुशाच्या गाड्यात नेऊन घातली, खाली उतरले, मिशीवरचा भुसा झटकला आणि त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी दाराशी पडून गंजायला लागली. तेव्हा मंदाताई मुरारला मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि टेंपोत कोंबून घेऊन जायच्या. एका सकाळी त्यांनी किल्ली मागितली. विश्वासराव हसले, कारण मंदाताईंची उंची अशी, की सीटवर बसल्या तर समोर काचेऐवजी डॅशबोर्डच दिसे.

त्यांनी दौलतगंजातल्या सुताराकडून तीन लाकडी ठोकळे करून घेतले. एक क्लचचा, एक ब्रेकचा आणि एक बारका ॲक्सिलरेटरचा. त्यांना चामड्याचे पट्टे होते, ते पेडलांना करकचून बांधायचे. बसायला खाली जुन्या चंदेरी साडीची जाड उशी, पाठीला एक गादी. दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा, कारण आतला हॉर्न दाबायचा तर हात आखडे. रंग उडाला तेव्हा त्यांनी मोरपंखी दिला, तोही स्वतः दुकानात उभं राहून, डबा उघडून बघून. त्या गाडीनं उत्कर्ष आणि उन्नतीला शाळेत पोचवलं, सासूबाईंना इस्पितळात नेलं, आणि उन्नती सासरी गेली तीही त्याच गाडीतून, आई गाडी चालवत होती आणि दोघी रडत होत्या.

या घरात खंडेनवमीची एक रीत होती. ज्याचं जे शस्त्र, ते त्यानं पाटावर मांडायचं. विश्वासराव खापरपणजोबांची तलवार मांडत. उत्कर्षचं गाड्यांच्या सजावटीच्या सामानाचं दुकान होतं, तो पान्यांचा संच ठेवी. आणि मंदाताई ते तीन ठोकळे सोडवून, धुऊन, हळदकुंकू लावून तलवारीशेजारी ठेवत. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, पायाखालची वस्तू पाटावर?" मंदाताई म्हणाल्या, "घोड्याची रिकीबही पायाखालचीच असते." दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ठोकळे पुन्हा गाडीत बांधले जात आणि सगळं कुटुंब घेऊन मंदाताई झाशी रोडला नाक्यापलीकडे शमीच्या झाडापर्यंत सीमोल्लंघनाला जात. शेजारच्या सीटवर विश्वासराव फेटा बांधून, तलवार मांडीवर घेऊन बसत. रस्त्यातले लोक त्यांना हात जोडत आणि ते मान डोलावून घेत.

यंदा भाद्रपदात मंदाताईंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं, म्हणून त्या पुण्याला गेल्या. तिथं असताना उत्कर्ष फोनवर म्हणाला, "आई, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे." मंदाताईंना बरंच वाटलं. पोराला आपणहून सुचलं म्हणून त्यांनी बहिणीपाशी त्याचं कौतुकही केलं.

आता ते कौतुक त्यांना आठवत होतं आणि कानशिलं तापत होती.

पुण्याहून परतल्या तेव्हा अंगणात उभी असलेली गाडी त्यांनी आधी ओळखलीच नाही. मोरपंखी गेला होता, वर हस्तिदंती रंग होता. कडांना चकचकीत पट्ट्या. भोंग्याच्या जागी खिळ्याची भोकंसुद्धा बुजवलेली. आत बघितलं तर लांब सीट जाऊन दोन काळ्या, खोलगट सीटा आल्या होत्या, लाल टाक्यांच्या. स्टिअरिंग ताटलीएवढं. खाली निळा दिवा. मंदाताई आत बसल्या आणि विहिरीत उतरल्यासारख्या खालीच गेल्या. पाय लांब केला, आणखी लांब केला, चप्पल काढून बोटं ताणली. पेडल चकाकत होतं आणि हाती, म्हणजे पायी, काही लागत नव्हतं.

"आई, कैसी लगी?" उत्कर्ष दाराशी येऊन म्हणाला. "सरप्राइज!"

"माझे ठोकळे कुठे आहेत?"

"अरे, पहले गाडी तो देखो ना! शील्ड मिळाली आहे आपल्याला, शील्ड!"

ती ढाल दिवाणखान्यात, बरोब्बर मध्यभागी ठेवली होती. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ होतं, त्यांनी मेळ्याच्या मैदानावर प्रदर्शन भरवलं होतं. ढाल सागवानी, भरीव आणि विटेइतकी जाड. तिच्यावर पितळी पाटी आणि पाटीवर कोरलेलं: 'सर्वाधिक सुरुचिपूर्ण गाडी'. शेजारी जावई बसला होता, ध्रुव. ध्रुवच्या घरी तीन पिढ्या प्राध्यापकीच्या; भिंतीला कोणता रंग, चहाला कोणता कप, यावर त्याची पक्की मतं होती. तो या मंडळाचा सभासद होता. उन्नती त्याच्या बाजूला बसून चिवडा खात होती आणि विश्वासराव तलवार पुसत होते.

"ठोकळे कुठे आहेत?" मंदाताईंनी पुन्हा विचारलं.

पण तिथं आधीच वाद पेटलेला होता आणि त्यात त्यांचा प्रश्न कुणाच्या कानावर गेला नाही.

"मी शेवटपर्यंत सांगत होतो," ध्रुव म्हणत होता, "गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच ठेवायला हवी. त्यात आपली हौस मिसळायची नाही. उद्या कुणी ख्याल गाताना मध्येच डीजे लावेल का? बाहेरून मी होतो म्हणून निभावलं. आत मात्र या गृहस्थांनी वरात काढली."

"जीजाजी, मग म्यूझियममध्ये ठेवा ना!" उत्कर्ष उसळला. "गाडी माणसाची असते. जिसकी गाडी, उसका दिल दिखना चाहिए उसमें. आपकी वाली में क्या दिखता है? कंपनीचा कॅटलॉग!"

"आणि तुझ्यात निळा दिवा दिसतो. स्पष्ट बोलायचं तर छपरी दिसतो."

"छपरी किसको बोला?" उत्कर्ष उठून उभाच राहिला. "शोरूममध्ये लाखांची गाडी घेऊन हाच दिवा लावला की तो 'ॲम्बियंट', आणि माझ्या दुकानातून लावला की छपरी? लोकांना त्यांच्या मोहल्ल्यावरून नावं ठेवता, आणि त्याला टेस्ट म्हणता?"

मंदाताईंना वाटलं, पोरगं बरोबर बोलतंय. क्षणभर राग बाजूला ठेवून त्यांना त्याचा अभिमानही वाटला. पण ध्रुवनं समजुतीचा हात वर केला आणि म्हणाला, "बरं, सोड. एका गोष्टीवर तरी आपलं एकमत होतं की नाही? ते जुगाड."

"हां, वो तो," उत्कर्ष हसला आणि खाली बसला. "वो तो भयानक था."

"आई, रागावू नका," ध्रुव सासूकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "पण ते लाकडी ठोकळे, तो भोंगा... अगदी बैलगाडीसारखं दिसायचं. परीक्षकांनी बघितलं असतं तर गाडी मैदानात शिरू दिली नसती. मीच ते भंगारवाल्याला देऊन टाकलं."

"देऊन टाकलं," मंदाताई म्हणाल्या.

"सगळं. गादीसकट."

"आणि मी गाडी कशी चालवायची?"

खोलीत कुणाला हा प्रश्न आधी सुचलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं. इतके दिवस खपले, रंगाच्या छटांवरून भांडले, टाके लाल की पांढरे यावर दोन रात्री जागले असतील, आणि गाडी चालवतं कोण हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुला कशाला चालवायला पाहिजे आता?" उत्कर्ष म्हणाला. "मी आहे ना."

"तू दुकानात असतोस."

"मग कॅब बुलवा लो, आई. फोनवर दोन मिनटांत येते."

"मला कॅब नको. उत्कर्ष, आत्ता म्हणालास ना, ज्याची गाडी त्याचं मन तिच्यात दिसलं पाहिजे? मग सांग, ही गाडी कोणाची?"

उत्कर्ष वडिलांकडे बघायला लागला. विश्वासरावांनी तलवार म्यानात घातली आणि घसा खाकरला. "अगं, घराची. आणि मंदा, खरं सांगू का, घरात पुरुष माणसं असताना तू गाडी चालवायची, ते तसंही बरं दिसत नव्हतं. यंदा सीमोल्लंघनाला उत्कर्ष नेईल. आता कशी सरदारांची गाडी शोभते."

या माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं शेजारी बसवून मिरवलं होतं. दर दसऱ्याला त्यानं लोकांचे नमस्कार घेतले होते आणि चौकातून गाडी वळताना दाराचा दांडा घट्ट धरला होता.

"बरं दिसत नव्हतं!" मंदाताई ओरडल्या, आणि जावयासमोर आवाज चढवू नये हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही, किंवा आठवलं आणि त्यांनी ते धुडकावलं. "तुम्ही भुशाच्या गाड्यात गाडी घालून मिशी झटकत उतरलात ते कसं दिसत होतं? तुमच्या आईला मध्यरात्री इस्पितळात नेलं तेव्हा कुणी विचारलं का, की मंदा, पेडलवर लाकूड बांधलंय ते दिसतं कसं? आणि तुम्ही, ध्रुवराव! सुरुची म्हणे! दुसऱ्याची वस्तू न विचारता भंगारात द्यायची, ही कुठली सुरुची? तुमच्या घरी हेच शिकवतात?"

"आई!" उन्नती दचकली. "जाऊ दे ना. त्यांनी किती हौसेनं केलंय."

हे मात्र मंदाताईंना सगळ्यांत जास्त लागलं. ही पोरगी त्याच गाडीवर शिकली होती. उंच झाली तेव्हा तिनं ठोकळे सोडवून ठेवले होते आणि म्हणाली होती, आई, मला आता हे नकोत, पण मी तुझ्यासाठी रोज परत बांधत जाईन. आणि बांधायचीही. मंदाताईंनी लेकीकडे नुसतं बघितलं. उन्नतीनं चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"ठीक आहे," मंदाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. दिवाणखान्यात ध्रुव हळू आवाजात म्हणाला की टाके निदान करडे हवे होते, आणि वाद पुन्हा सुरू झाला.

नवमीला सकाळी पाट मांडला. तलवार आली, पान्यांचा संच आला. उत्कर्षनं हौसेनं ती ढालही आणून तलवारीला टेकवली. "शस्त्रच आहे," तो म्हणाला, "ढाल नाही का?" विश्वासरावांना ते फार आवडलं. मंदाताईंची जागा तेवढी मोकळी राहिली. सगळे उगाच इकडेतिकडे बघायला लागले.

मंदाताई मागच्या पडवीत गेल्या आणि करवत घेऊन आल्या. घरातली जुनी करवत, फळीची टोकं कापायची. तिला त्यांनी तेल लावून लखलखीत केलं होतं. ती त्यांनी ढालीशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले.

"हे काय नवीन?" विश्वासराव म्हणाले.

"माझं शस्त्र," मंदाताई म्हणाल्या. "माझं आधीचं हरवलं ना."

ध्रुव हसला. आपल्या सासूबाईंचा राग निवळला, आता त्या थट्टा करायला लागल्या, असं त्याला वाटलं असावं. उत्कर्षनं फोटो काढला. उन्नती मात्र हसली नाही. ती करवतीकडे बघत राहिली, मग ढालीकडे, आणि मग तिनं निरांजनाची वात पुढे सारली.

पूजेतलं शस्त्र नवमीला उचलायचं नसतं. मंदाताईंनी उचललं नाही. दिवसभर त्यांनी पुरणपोळ्या लाटल्या, जावयाला आग्रह करून वाढल्या. त्यांच्या हाताला इतका जोर आला होता की पोळपाट टेबलावर चालायला लागला होता.

दसऱ्याला सकाळी आरती झाली. विश्वासरावांनी "हर हर महादेव" म्हणून तलवार उचलली. उत्कर्षनं पाने उचलले. मंदाताईंनी एका हातात करवत घेतली, दुसऱ्या हाताने ढाल काखोटीला मारली आणि त्या अंगणात गेल्या.

पायरीवर बसून त्यांनी आधी पाटीचे स्क्रू काढले. पितळी पाटी नीट पुसून कमरेला खोचली. मग ढाल पायरीवर आडवी टाकली, तिच्यावर गुडघा दाबला आणि करवत लावली.

पहिल्या आवाजालाच सगळे धावत बाहेर आले.

"आई! ये क्या कर रही हो!" उत्कर्ष किंचाळला. "शील्ड आहे ती!"

"सागवान आहे," मंदाताई म्हणाल्या. करवत थांबली नाही.

"आई, हे... हे अत्यंत..." ध्रुवला शब्द सापडेना. इतक्या मतांच्या माणसाला शब्द सापडू नये, याचं मंदाताईंना बरं वाटलं.

"असंस्कृत आहे?" त्यांनी विचारलं. "हो, आहे. बाजूला व्हा, भुसा उडेल. तुमच्या सासऱ्यांना सवय आहे, तुम्हाला नाही."

विश्वासराव फेटा सावरत पुढे आले. "मंदा, लोक बघतात!" आणि खरंच, समोरच्या गच्चीवर लोक जमले होते. "बघू देत," मंदाताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. लाकूड जाड होतं, हात भरून आले होते, ढाल गुडघ्याखालून सटकत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बघायला इतके जण उभे होते याचा त्यांना आणखीच संताप आला.

तेवढ्यात ढाल सटकायची थांबली. उन्नती समोर येऊन बसली होती. नव्या साडीचा पदर खोचून तिनं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं.

"उन्नती, तू पण?" ध्रुव म्हणाला.

"क्लचचा मोठा लागतो," उन्नती आईला म्हणाली. नवऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. "डावीकडून कापू या."

तीन तुकडे निघाले, वेडेवाकडे, एका बाजूनं पॉलिश केलेले. पट्ट्यांसाठी मंदाताईंनी विश्वासरावांच्या जुन्या होल्डॉलचे पट्टे कापून आणले. उन्नती गाडीत वाकून ते बांधत होती, आवळून, दोनदा गाठ मारून, शिकवलं होतं तसं. मंदाताई दिवाणखान्यात गेल्या. तिथला मोठा लोड आणि बैठकीची गादी त्यांनी उचलली. विश्वासराव धक्का बसून त्याच लोडाला टेकले होते, ते मागे कलंडले.

"मला टेकायला काय?" ते म्हणाले.

"भिंत," मंदाताई म्हणाल्या.

खोलगट सीटमध्ये गादी बसली, पाठीला लोड बसला. मंदाताई वर चढल्या. समोरची काच दिसत होती, काचेपलीकडे फाटक आणि फाटकापलीकडे रस्ता. त्यांनी पाय टाकला. क्लच दबला. त्यांनी तो सोडला, पुन्हा दाबला, आणखी एकदा दाबला. निळा दिवा लागला तो त्यांनी लावूनच ठेवला. उन्नती मागे बसली. विश्वासराव तलवार घेऊन दाराशी येऊन उभे राहिले, आत बसावं की नाही याचा अंदाज घेत.

"यायचं असेल तर मागे बसा," मंदाताई म्हणाल्या. "पुढे सोनं ठेवायचं आहे."

शिलेदार घराण्याचे विश्वासराव फेटा सांभाळत मागच्या सीटवर शिरले. उत्कर्ष फाटक उघडायला गेला. जाताना त्यानं एकदा खिडकीतून वाकून पेडलांकडे बघितलं.

चाकांखाली ठेवलेली पूजेची लिंबं फुटली. गाडी सरकत सरकत फाटकाशी ध्रुव उभा होता तिथवर आली आणि थांबली. मंदाताईंनी काच खाली केली. सोनं परत आल्यावर वाटायचं असतं हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण तोवर दम धरायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कमरेची पितळी पाटी काढली आणि जावयाच्या हातावर ठेवली.

"घ्या ध्रुवराव, सोनं," त्या म्हणाल्या. "सोन्यासारखे राहा."

आणि त्यांनी क्लच दाबला.